एकाच गावच्या तीन जमिनी
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

उरण तालुक्यातल्या जासई गावाचं नाव निघालं की बहुतेकांना १९८४ सालचा जानेवारी महिना आठवतो. संपादन होणाऱ्या जमिनीला रास्त मोबदला मिळावा म्हणून शेतकरी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरले होते. १६ आणि १७ जानेवारीला पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. मूळचे याच जासईचे. साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क पुढे उभा राहिला, तो या लढ्यातून.

तो इतिहास सांगायला मी आज आलेलो नाही. त्या लढ्याच्या मुळाशी जी जमीन होती, तिच्या मातीबद्दल मला बोलायचं आहे. मोबदल्याच्या हिशेबात एकर म्हणजे एकर. शेतकऱ्याच्या हिशेबात मात्र टेकडीवरचा एकर, गावालगतचा एकर आणि खाडीकाठचा एकर या तीन निरनिराळ्या वस्तू आहेत. रंग वेगळा, पीक वेगळं आणि पिकाला मिळणारं अन्नही वेगळं. मातीचे नमुने गोळा करणं आणि तपासणीचे कागद शेतकऱ्यांना समजावून सांगणं यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्या कामातून एक गोष्ट मला पक्की कळली. कोणतं खत घालायचं हा प्रश्न दुसरा. ही माती उतारावर कुठल्या जागेची, हा प्रश्न पहिला.

जासईच्या परिसरात हा फरक पाहायला फार लांब जावं लागत नाही. एका अंगाला टेकड्या, दुसऱ्या अंगाला खाडीचं खाजण आणि मध्ये भातखाचरं, अशी इथली मूळ ठेवण. तासाभराच्या पायपिटीत तीन जमिनी ओलांडून होतात. आपण वरून खाली उतरत जाऊ.

टेकडीवरची जमीन म्हणजे वरकस. खाली काळा पाषाण, त्यावर मुरूम आणि त्यावर वीतभर तांबूस माती. हा पाषाण ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपासचा लाव्हारस थंड होऊन झालेला आहे. त्यात लोह, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर, पालाश मुळातच कमी. आता या दगडावर दर पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, असं हजारो वर्षं चालू आहे. दगड कुजतो, त्यातले विरघळणारे क्षार पाण्याबरोबर खाली निघून जातात. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आधी जातात. न विरघळणारं लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतं. वरकस माती तांबडी दिसते ती या गंजलेल्या लोहामुळे.

क्षार धुऊन गेले की माती आम्ल होते. आम्लतेचं माप म्हणजे सामू. सामू ७ असेल तर माती उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर विम्लधर्मी. कोकणातल्या तांबड्या जमिनींचा सामू बहुधा ५.५ ते ६.५ च्या दरम्यान सापडतो. अशा मातीत स्फुरदाची एक अडचण असते. लोह आणि ॲल्युमिनियम त्याला धरून ठेवतात. शेतकरी सुपर फॉस्फेट टाकतो, त्यातला बराचसा भाग मातीत राहतो खरा, पण मुळांच्या हाती लागत नाही. म्हणून वरकसावर पूर्वापार नाचणी, वरी अशी काटक पिकं घेतली जायची, आणि तीही काही वर्षं पीक आणि मग काही वर्षं विश्रांती अशा पाळीने.

टेकडी उतरून पायथ्याला आलात की खाचरं लागतात. इथली माती करडी, काळपट, चिकण. वरून धुऊन आलेला गाळ बांधांनी अडवून पिढ्यान्‌पिढ्या ही खाचरं भरली गेली. टेकडीने गमावलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, बारीक मातीचे कण आणि पालापाचोळ्याचा अंश यांतला काही भाग इथे मुक्कामाला येतो. सामू उदासीनच्या जवळ असतो. चिकण मातीचे कण अन्नद्रव्यं धरून ठेवतात, म्हणून वरच्या जमिनीपेक्षा इथे दिलेलं खत जास्त टिकतं.

पण खाचराची खरी खुबी पाण्यात आहे. चिखलणी करून पाणी साठवलं की मातीतली हवा संपते. हवा संपली की लोहाचं रूप बदलतं आणि त्याने धरून ठेवलेला स्फुरद थोडा थोडा सुटतो. टेकडीवर जो अडकून बसला होता तोच स्फुरद खाचरात भाताला मिळतो. नत्राचं मात्र उलटं होतं. नायट्रेट रूपातलं नत्र पाणथळ जमिनीत वायू होऊन हवेत जातं. म्हणून भाताला अमोनिया देणारी खतं द्यायची आणि तीही चिखलात खोल पुरायची, असं सांगितलं जातं. खाचराच्या जमिनीत भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल होतो. आमच्याकडे थंडीत पोपटी लावतात, ती या वालाच्या शेंगांची. चवीचं कौतुक सगळ्यांना असतं. पण वालाच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र मातीत बांधतात आणि पुढच्या भाताची थोडी सोय करून ठेवतात, हे लक्षात घ्यायला हवं.

आणखी खाली गेलात की खार. समुद्राच्या भरतीखालची जमीन बांध घालून माणसाने मिळवलेली. पेण, अलिबागकडे याच पट्ट्याला खारेपाट म्हणतात. माती काळी, घट्ट, उन्हाळ्यात तडे जाणारी, आणि तड्यांच्या कडेला मिठाची पांढरी पापडी. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे १०.८ ग्रॅम सोडियम, १.३ ग्रॅम मॅग्नेशियम आणि ०.४ ग्रॅम पालाश असतो. त्यामुळे जो पालाश टेकडीच्या पाषाणात कमी होता तो खारात भरपूर सापडतो. पण पानात वाढलेलं सगळं खाता येतं असं नाही. मातीतल्या पाण्यात मीठ इतकं असतं की मुळांना पाणीच ओढून घेता येत नाही. मातीच्या अर्काची विद्युत वाहकता ४ डेसिसायमनच्या वर गेली की शास्त्र त्या जमिनीला क्षारयुक्त म्हणतं. वैशाखात खाराची जमीन याच्या कितीतरी वर असते.

मग तिथे भात होतो कसा? पावसामुळे. पहिल्या पावसांचं पाणी शेतात कोंडायचं, मीठ विरघळू द्यायचं आणि ओहोटीच्या वेळी उघाडीतून ते पाणी खाडीत सोडून द्यायचं. असं दोन-तीनदा केलं की वरच्या थरातलं मीठ रोपांना सोसेल इतकं उतरतं. मग लावणी, किंवा मोड आलेलं बी चिखलात फेकायची रहू पद्धत. बीही तसंच निवडलेलं. काळा राता आणि भुरा राता ही कोकणच्या खाराची जुनी वाणं. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रात भुऱ्या रात्याचा आयआर-८ या वाणाशी संकर करून ‘पनवेल’ नावाची वाणं तयार झाली. त्यांची खार सोसण्याची ताकद या मिठागरांशेजारच्या शेतकऱ्यांनी जपलेल्या बियाण्यातून आली आहे.

आता या तिन्ही जमिनी एकमेकींपासून सुट्या नाहीत. वरची जे गमावते ते मधली घेते, मधलीतून निसटलेलं खालची घेते. जेफ्री मिल्न नावाच्या शास्त्रज्ञाने पूर्व आफ्रिकेतल्या टेकड्यांवर काम करताना १९३५ साली या रचनेला ‘कॅटेना’ म्हटलं. लॅटिनमध्ये कॅटेना म्हणजे साखळी. एकाच पाषाणावर, एकाच पावसाखाली, केवळ उतारावरच्या जागेमुळे माती बदलत जाते आणि हा क्रम एका टेकडीमागून दुसऱ्या टेकडीवर तसाच सापडतो, हे त्याने दाखवलं. देशावरही हेच दिसतं. माळावर हलकी, उथळ जमीन आणि नदीकाठी खोल काळी. पण तिकडे पाऊस थोडा, म्हणून कॅल्शियम धुऊन जात नाही, चुनखडीच्या रूपात मातीत राहतं. पाषाण तोच आहे. पाऊस आणि उतार बदलला, म्हणून माती बदलली.

आपल्या लोकांना ही साखळी पुस्तकाशिवाय ठाऊक होती. सारा ठरवण्यासाठी इंग्रजांनी जमिनीची प्रतवारी केली. विंगेट आणि गोल्डस्मिड यांच्या पद्धतीत मातीचा पोत, रंग आणि खोली पाहून नऊ वर्ग पाडले होते आणि त्यांची किंमत १६ आण्यांपासून २ आण्यांपर्यंत धरली होती. आजही आपण ‘सोळा आणे जमीन’ म्हणतो. दुसरा दाखला तर कायद्यातच आहे. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्यात वरकस जमिनीची व्याख्या भातशेतीसाठी लागणाऱ्या राबाशी जोडलेली आहे. राब म्हणजे काय ते शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो. टेकडीवरून तोडलेले टहाळ, पाला, गवत आणि शेण रोपवाटिकेच्या जागेवर पसरून उन्हाळ्यात जाळायचं आणि त्या भाजलेल्या मातीत भाताचं बी पेरायचं. राखेतून पालाश आणि चुना मिळतो, तणाचं बी जळतं, भाजल्यामुळे मातीतलं अडकलेलं अन्नही मोकळं होतं. म्हणजे पाण्याने जे न्यायचं राहिलं ते बायामाणसांनी डोक्यावर भारे वाहून खाली आणलं. खाचराला वरकसाची जोड लागते, हे कायदा लिहिणाऱ्यालाही मान्य करावं लागलं. याची दुसरी बाजूही आहे. टेकडीला परत काही मिळालं नाही. ती वर्षागणिक उघडी होत गेली.

आता माझ्या कामातला एक प्रसंग सांगतो. आमच्या बाजूचे एक काका मातीची पिशवी घेऊन आले. मी विचारलं, “काका, ही कुठल्या शेताची?”

“आपलीच हाय. तिन्ही शेतांची थोडी थोडी घेतली. एकदाच काय ते कळू दे.”

त्यांचा एक तुकडा टेकडीच्या पोटाशी, एक गावालगत आणि एक बांधाच्या आत खारात. समजा वरच्या मातीचा सामू ५.५ आणि खालच्या मातीचा ८. त्या मिसळल्या की अहवालात पावणेसातच्या आसपासचा आकडा येणार, म्हणजे अगदी उत्तम जमीन. अशी जमीन काकांच्या तिन्ही शेतांत कुठेच नव्हती. तो अहवाल घेऊन ते सगळीकडे सारखंच खत टाकणार होते. टेकडीवर युरिया टाकला असता तर पहिल्या जोराच्या सरीने वाहून गेला असता, आणि खारात वरून फेकला असता तर त्यातला बराच अमोनिया होऊन उडाला असता, कारण विम्लधर्मी मातीत तसंच होतं. पालाशाच्या पैशाची खरी गरज वरच्या शेताला होती, खाराला तो आयताच मिळत होता. आम्ही तीन वेगळ्या पिशव्या भरल्या. तिन्हींचे कागद वेगळे आले आणि काकांना आधी न पटलेली गोष्ट कागद पाहून पटली.

हा घोळ फक्त काकांच्या पिशवीपुरता नाही. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू केली. पत्रिकेवर १२ गोष्टी असतात : सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल आणि बोरॉन. योजना चांगली आहे आणि तिने लाखो शेतकऱ्यांना प्रथमच आपल्या मातीचा कागद दाखवला. पण योजना आखताना नमुने घेण्यासाठी नकाशावर चौकटी धरल्या गेल्या : बागायतीत अडीच हेक्टरला एक नमुना, कोरडवाहूत १० हेक्टरला एक. १० हेक्टर म्हणजे जवळजवळ २५ एकर. सपाट प्रदेशात हे एक वेळ चालेल. कोकणात २५ एकरांच्या चौकटीत टेकडी, खाचर आणि खार तिन्ही येऊ शकतात, आणि तुकडे तर गुंठ्यांचे. इथे चौकट उताराप्रमाणे आखायला हवी. आपल्या गावात असे नमुने निघत असतील तर शेतकऱ्याने स्वतः सांगितलं पाहिजे की वरच्याचा वेगळा, मधल्याचा वेगळा, खालचा वेगळा घ्या. हे सांगायला पदवी लागत नाही.

उपायही जागेप्रमाणे आहेत. वरकसावर पहिलं काम माती धरून ठेवण्याचं : गवत, झाडं, समपातळीवरचे बांध आणि सेंद्रिय खत. स्फुरद पसरून न देता मुळाशी द्यायचा. खाचरासाठी कोकणात डॉ. नारायण सावंत यांनी पुढे आणलेली चारसूत्री पद्धत आहे. भाताच्या तुसाची राख आणि पेंढा शेतालाच परत करायचा, गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडायचा, ठरावीक अंतरावर लावणी करायची आणि चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची गोळी खोल खोचायची. हवेशी संबंध तुटल्याने गोळीतलं नत्र वाया जात नाही. गिरिपुष्प बांधावर लावलं की टेकडीचे टहाळ तोडावे लागत नाहीत, म्हणजे राबाचा जुना भार टेकडीवरून उतरतो. खारात पहिलं खत म्हणजे पावसाचं गोडं पाणी आणि दुरुस्त उघाडी. बांध फुटला आणि भरती शेतात शिरली तर खताची कितीही पोती टाका, उपयोग नाही. भात कापल्यावर जमीन उघडी न ठेवता लवकर नांगरली किंवा पेंढ्याने झाकली तर खालचं मीठ वर चढायला आळा बसतो.

शेती नसलेल्या श्रोत्यांसाठीही यात काही आहे. उलवे, सीवूड्स, पनवेल इथल्या गॅलऱ्यांत कुंड्या दिसतात. रोपवाटिकेतून ‘लाल माती’ची गोणी आणायची, त्यात रोप लावायचं आणि महिन्याभरात पानं पिवळी पडली की रोपाला दोष द्यायचा, हे मी अनेक घरांत पाहतो. ती लाल माती बहुधा उताराच्या वरच्या जमिनीची असते. तिच्यातलं अन्न पावसाने कधीच नेलेलं असतं. रंग छान, निचरा छान, पण पोट रिकामं. तिच्यात निम्मं कुजलेलं शेणखत किंवा घरच्या ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट मिसळा, रोप धरेल.

शेवटचा मुद्दा थोडा कठीण आहे. गेल्या ४०-५० वर्षांत जासईच्या आसपासची ही साखळी जागोजाग तुटली. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झालं, त्यामागून रस्ते, रेल्वे, कंटेनरची आवारं आली. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं, तो याच भागात उतरतो. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालेल्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली. टेकडीचा दगड-मुरूम खाली खाजणात आणि खारात भरावाला जातो. नकाशावर ते सपाटीकरण दिसतं. मातीच्या हिशेबात उताराचं वरचं टोक उचलून खालच्या टोकावर ठेवलेलं असतं. सुरुंगाने फोडलेल्या दगडात नत्र नसतं, सेंद्रिय कर्ब नसतो. तो कुजून त्याची माती व्हायला शेकडो वर्षं लागतात. भराव उंच झाला की शेजारी उरलेल्या खाचरांचं पाणी तुंबतं, आणि गोडं पाणी खारापर्यंत पोचायची वाट बंद झाली की खाराचं मीठ धुतलं जात नाही. शेत विकलेलं नसतानाही ते शेत राहत नाही.

विकास नको असं मी म्हणत नाही. बंदराने आणि शहराने या भागातल्या अनेक घरांत पगार आणला, हे मला दिसतं. पण जिथे अजून शेत उरलं आहे तिथे दोन गोष्टी मागता येतील. भराव टाकण्याआधी खाचराची वरची वीतभर माती काढून बाजूला ठेवावी आणि ती बागा, रस्त्याकडेची झाडं यांच्यासाठी वापरावी. ती वीतभर माती बनायला कित्येक पिढ्या लागल्या आहेत. दुसरं म्हणजे, टेकडीचा ओढा खाडीपर्यंत मोकळा राहील अशी मोरी प्रत्येक भरावाखाली असावी. पाणी वाहतं राहिलं तर साखळीचा धागा तरी शिल्लक राहील.

आणि ज्यांच्याकडे अजून गुंठाभर तरी जमीन आहे त्यांनी यंदा भात कापल्यावर, खत टाकण्याआधी, मातीचा नमुना जरूर घ्यावा. शेतात पाच-सहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करा, त्याच्या कडेची माती खरवडा, एकत्र करून सावलीत वाळवा, अर्धा किलो पिशवीत भरा. पण ही पाच-सहा ठिकाणं एकाच जातीच्या जमिनीतली असू द्या. बांध ओलांडून खाली उतरलात, की दुसरी पिशवी घ्या. पिशवीत एक चिठ्ठी टाका आणि तिच्यावर नाव आणि गट नंबर लिहून झाला की आणखी एक शब्द लिहा : वरकस, खाचर किंवा खार. तपासणाऱ्याला त्या एका शब्दाची फार मदत होते.